आई गुडघ्यांमुळे घरात बसली आहे की नजरेमुळे?

प्रश्न थोडक्यात असा: आई ७६ वर्षांची, साताऱ्याजवळच्या गावी एकटी राहते, मधुमेह आहे. वर्षभरापूर्वीपर्यंत बाजारहाट, देऊळ, एसटीने बहिणीच्या गावी जाणं, सगळं एकटीने चालायचं. आता 'गुडघे दुखतात' म्हणून घराबाहेर पडत नाही. जिन्यावर दोनदा तोल गेला. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला तर 'फार बदल नाही' म्हणाले. तपासणी शिबिरात सांगितलं की मोतीबिंदू आहे, पण थांबलं तरी चालेल. पुण्यात राहणाऱ्या मुलीला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: आईच्या घरी बसण्यामागे डोळे असू शकतील का, ऑपरेशन आत्ता करावं का, आणि तोवर तिला एकटीला बाहेर सोडावं का.

ताई, डोळे असण्याची शक्यता दाट आहे. मी तालुक्याच्या गावात नेत्रतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हे चित्र मला रोजचं आहे. गुडघे खरंच दुखत असतील, या वयात कुणाचे दुखत नाहीत? पण गुडघेदुखी सांगायला सोपी असते. 'मला नीट दिसत नाही' असं म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून गॅस पेटवू नकोस, पैसे तू मोजू नकोस, आता आमच्याकडेच ये राहायला, हे सुरू होतं, हे म्हाताऱ्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. शिवाय नजर इतकी हळूहळू उतरते की बऱ्याचदा त्यांचं त्यांनाच कळत नाही. संध्याकाळचं देऊळ बंद होतं, मग लांबचा बाजार, मग एसटी. ७५ नंतर महाराष्ट्रात एसटीचा प्रवास फुकट झाला, पण गाडीची पाटी वाचता आली नाही तर त्या सवलतीचं करायचं काय? दर वेळी शेजारच्या पोराला 'ही साताऱ्याची ना रे?' विचारायचं जिवावर येतं. त्यापेक्षा गुडघे दुखतात म्हणणं बरं.

'नंबरात बदल नाही' यावर जाऊ नका. दुकानात नंबर काढताना माणूस खुर्चीत बसलेला असतो, खोलीत उजेड व्यवस्थित असतो, समोर पांढऱ्यावर काळी अक्षरं असतात आणि तो नाकासमोर बघत असतो. ही तपासणी हवीच, पण ती नजरेचा एकच भाग मोजते. आईला चालताना जी नजर लागते ती वेगळी. राखाडी फरशीच्या जिन्यावर शेवटची राखाडी पायरी ओळखायची, भर उन्हातून अंधाऱ्या माजघरात शिरताना उंबरठा हेरायचा, डावीकडून येणारी मोटारसायकल मान न वळवता टिपायची, आणि पायरी किती खोल आहे याचा अंदाज पाय टाकायच्या आधी घ्यायचा. तक्त्यावर ६/९, म्हणजे जवळजवळ खालच्या ओळींपर्यंत, वाचणारी बाई यातल्या चारही ठिकाणी चुकू शकते.

यामागची कारणं समजली तर पुढचे उपाय पटतात. वयानुसार बाहुली लहान होते, अंधारातही पूर्वीसारखी मोठी होत नाही. आतलं भिंग पिवळसर आणि गढूळ होतं. दोन्ही मिळून साठीतल्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यावर (रेटिनावर) विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. आईचं वय त्याहून पंधराएक वर्षांनी पुढे. तुम्हाला पुरेसा वाटणारा बल्ब तिला मिणमिणता वाटतो, आणि तुम्ही त्याच खोलीत उभं राहून म्हणता, 'अगं, दिसतंय की सगळं!' उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्याला सरावायला लागणारा वेळही वाढतो. मोतीबिंदू असेल तर समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांत पसरतो आणि काही क्षण रस्ता दिसेनासा होतो.

दुसरी गोष्ट तोलाची. शरीर तोल सांभाळतं ते तिघांच्या भरवशावर: डोळे, आतला कान, आणि पायाच्या तळव्यांपासून सांध्यांपर्यंतची जाणीव. मधुमेहात पायाची जाणीव बोथट होते. वयानुसार आतला कानही मंदावतो. मग सगळा भार डोळ्यांवर येतो, आणि नेमके तेच अधू असले तर जिन्यावर तोल जाणारच. त्यामुळे तुमच्या आईच्या बाबतीत मी नजरेला अधिकच महत्त्व देईन.

एकदा दोन दिवस गावी राहा आणि काही न विचारता नुसतं बघत बसा. विचारलंत तर 'मला सगळं दिसतं' हेच उत्तर येईल. पायऱ्या उतरताना ती शेवटच्या पायरीवर थांबून पायाने चाचपते का? पांढऱ्या कपात दूध ओतताना काठोकाठ भरतं, पण चहा ओतताना नाही, असं होतं का? झालं तर रंगातला फरक ओळखायची ताकद कमी झाली आहे. तांदूळ निवडायला ताट घेऊन दारात, उजेडाला जाऊन बसते का? भिंतीला, कपाटाला हात लावत चालते का? ताटातली एकाच बाजूची भाजी राहून जाते का, एकाच बाजूच्या दाराच्या चौकटीला खांदा आपटतो का? असं असेल तर बाजूची नजर गेली आहे, आणि तो मामला मोतीबिंदूचा नाही. तिचा एक डोळा तळहाताने झाकून दाराची उभी चौकट बघायला सांगा, मग दुसरा. चौकट मधेच वाकडी किंवा तुटक दिसत असेल तर पडद्याच्या मध्यबिंदूचा आजार असू शकतो, आणि तिथे महिनाभर थांबणंही महाग पडतं.

एका गोष्टीवर मात्र हुरळून जाऊ नका. पुष्कळ घरांत मोठ्या कौतुकाने सांगतात, 'आजीचा चष्मा सुटला, आता बिनचष्म्याने पेपर वाचते!' भिंगाचा गाभा कडक होत जाणारा मोतीबिंदू असला की डोळ्याला मायनस नंबर येतो, त्यामुळे जवळचं काही काळ स्वच्छ दिसतं. त्याच वेळी लांबचं धूसर होत असतं. पेपर वाचणारी ती आजी रस्त्यापलीकडचं माणूस ओळखत नाही, आणि मग लोक म्हणतात, 'म्हातारी आखडू झाली.'

आता ऑपरेशनबद्दल. 'मोतीबिंदू पिकू दे, मग बघू' हे जुन्या काळातलं आहे. तेव्हा भिंग काढलं की आत दुसरं बसवत नसत, जाड काचांचा चष्मा आयुष्यभर वापरावा लागे आणि त्यातून सगळं मोठं आणि जवळ आल्यासारखं दिसे. तुमच्या पणजोबांच्या फोटोत असेल तसला चष्मा. म्हणून अगदीच दिसेनासं होईपर्यंत थांबण्यात शहाणपण होतं. आता लहानशा छेदातून भिंग काढून तिथेच कृत्रिम भिंग बसवतात. फार पिकलेला, कडक झालेला मोतीबिंदू उलट काढायला अवघड जातो. त्यामुळे मी विचारते ते एवढंच: नजरेमुळे तुमचं कोणतं काम अडलंय? तुमच्या आईचं बाहेर जाणं अडलंय, ती दोनदा पडता पडता वाचली आहे. माझ्या दृष्टीने एवढं पुरे. शिबिरात 'थांबलं तरी चालेल' म्हणाले त्यात चूक काही नाही. डोळ्याला धोका नाही, इतकाच त्याचा अर्थ. आईच्या हिंडण्याफिरण्याचा विचार त्यात धरलेला नसतो, कारण कुणी तो विचारलेला नसतो.

याला आधार आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम इथे ७० वर्षांवरच्या स्त्रियांचे दोन गट करून एका गटाचं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन साधारण महिन्याभरात केलं, दुसऱ्या गटाला तिथल्या प्रतीक्षायादीप्रमाणे वर्षभर थांबावं लागलं. २००५ साली त्याचे निष्कर्ष छापून आले: लवकर ऑपरेशन झालेल्या गटात पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी होतं. आपल्याकडची गोष्ट वेगळी नाही. भारतात २०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वापैकी ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचं दिसलं. म्हणजे तीन अंध माणसांपैकी दोघांची नजर परत येण्याजोगी होती.

ऑपरेशनआधी एक अट मात्र घाला. आईला मधुमेह आहे, तेव्हा थेंब टाकून, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. पडद्यावर सूज किंवा रक्तस्राव असेल तर नुसता मोतीबिंदू काढून नजर सुधारत नाही आणि मग 'ऑपरेशन फेल गेलं' अशी बोंब होते. त्याच वेळी डोळ्याचा दाब आणि आतली नसही बघून घ्या, काचबिंदू नाही ना हे कळायला. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, बाजूची नजर गुपचूप खात जातो आणि गेलेली नजर परत आणता येत नाही. काचबिंदूचे थेंब लागू झाले तर घालायचे कसे हेही शिकवून घ्या. थरथरत्या हाताने निम्मे थेंब गालावरच जातात. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिट-दोन मिनिटं दाबून धरावा. टिमोलॉल नावाच्या थेंबांनी काहींची नाडी मंदावते, दम्याच्या माणसाला धाप लागते. थेंब सुरू केल्यावर चक्कर येत असेल तर मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना लगेच सांगा.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं की बरीच माणसं दुसरा डोळा तसाच ठेवतात. 'आता छान दिसतंय की.' पण खोलीचा अंदाज दोन्ही डोळे मिळून येतो. एक डोळा लख्ख आणि दुसरा गढूळ, किंवा दोघांच्या नंबरात मोठी तफावत, असं झालं तर पायरीचा अंदाज चुकत राहतो. गरज असेल तर दुसऱ्या डोळ्याची तारीख लांबवू नका.

चष्म्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या चष्म्याचा खालचा भाग हातातल्या पुस्तकासाठी, म्हणजे हात-दीड हाताच्या अंतरासाठी असतो. जिना उतरताना नजर नेमकी त्याच भागातून खाली जाते, आणि पायरी असते चार-पाच फुटांवर. त्यामुळे पायरीची कड धूसर होते आणि सरकल्यासारखी दिसते. आईला असा चष्मा असेल तर बाहेर जाण्यासाठी फक्त लांबच्या नंबराचा दुसरा, साधा चष्मा करून घ्या. ऑस्ट्रेलियात हा उपाय तपासून बघितला आहे: नियमित बाहेर हिंडणाऱ्या ज्येष्ठांमध्ये असा चष्मा दिल्यावर पडणं कमी झालं. गंमत म्हणजे जे फारसे बाहेर पडत नव्हते, त्यांचं घराबाहेर धडपडणं उलट वाढलं. तेव्हा हा चष्मा आईच्या हाती द्यायचा तो ती पुन्हा बाहेर जायला लागेल तेव्हा, आणि तो घालून बाहेर जायचं ते आधी घरात आठवडाभर वापरून सवय झाल्यावर. त्याच देशातल्या २००७ च्या आणखी एका अभ्यासात अशक्त वृद्धांचे डोळे तपासून नवे चष्मे दिले तर त्यांचं पडण्याचं प्रमाण वाढलं. वाचून धक्का बसतो, पण कारण असावं ते साधं आहे: नंबर एकदम बदलला की जमीन वर-खाली झाल्यासारखी वाटते. म्हणून या वयात नंबर एका झटक्यात फार बदलू नये, आणि नव्या चष्म्याचे पहिले दिवस जिन्याचा कठडा सोडू नये.

समजा, सगळं करूनही नजर पूर्ण परत आली नाही. पडदा खराब असेल तर तसं होतं. तरी हातपाय गाळायचं कारण नाही. नजर अधू असणाऱ्यांसाठी मोठ्या नेत्ररुग्णालयांत वेगळा विभाग असतो, तिथे उरलेल्या नजरेचा उपयोग शिकवतात: दिव्याची भिंगं, लांबचं बघायची छोटी दुर्बीण, पांढरी काठी घेऊन चालणं. काठी घ्यायला आपल्याकडे लाज वाटते, पण काठी दिसली की मोटारसायकलवाला वेग कमी करतो, हा फायदा लहान नाही. पैशांसाठी एक सोपी गोष्ट शिकवा. नव्या नोटांच्या दोन्ही कडांना उठावदार तिरप्या रेघा असतात: १०० ला ४, ५०० ला ५, आणि २०० ला ४ रेघांच्या मधे दोन वर्तुळं. अंगठ्याने चाचपून ओळखता येतात, नोट फार मळलेली नसेल तर. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किंमत बोलून सांगतं आणि त्याला इंटरनेट लागत नाही. भाजीवालीशी व्यवहार स्वतः करता आला की बाहेर जाण्याची निम्मी भीती जाते.

आणखी एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून मीच विचारते. नजर बरीच गेलेल्या काही माणसांना नसलेली माणसं, मुलं, नक्षी, फुलं दिसतात. डोकं ठिकाणावर असतं, समोरचं खरं नाही हेही बहुतेकांना कळत असतं. १७६० साली चार्ल्स बॉने या स्विस माणसाने आपल्या आजोबांचा असा अनुभव लिहून ठेवला, त्याच्याच नावाने ही अवस्था ओळखली जाते. पडद्याकडून माहिती येईनाशी झाली की मेंदू स्वतःच चित्रं भरतो. घरच्यांनी 'वेड लागलं' किंवा 'बाहेरचं काही' म्हणू नये यासाठी हे सांगतेय. पहिल्यांदा असं झालं तर डॉक्टरांना दाखवा, कारण औषधांमुळे किंवा मेंदूच्या आजारानेही भास होतात. विसराळूपणाचंही तसंच. चेहरा ओळखता आला नाही, कागद वाचता आला नाही की स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसतो. आधी डोळे आणि कान तपासा. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली उपचार न केलेल्या दृष्टिदोषाला स्मृतिभ्रंशाच्या जोखमीच्या कारणांत जागा दिली आहे.

घरात खर्च फारसा नाही. न्यूझीलंडमध्ये नजर अधू असलेल्या ७५ वर्षांवरच्या लोकांच्या घरी जाऊन धोक्याच्या जागा दुरुस्त केल्या तर पडणं ४१ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या गावच्या घरात मी आधी जिना बघेन. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंद पिवळा पट्टा रंगवून घ्या. पायरी लाल-तपकिरी असेल तर पिवळा उठून दिसतो, पांढऱ्या मार्बलची असेल तर काळा किंवा गडद निळा. कठडा शेवटच्या पायरीच्या थोडा पुढेपर्यंत हवा. जिन्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे बटण. दिवा तिच्या डोळ्यांत न येता पायऱ्यांवर पडेल असा लावा, उघडा बल्ब नको. मोरीत पांढऱ्या फरशीवर पांढरी बादली, पांढरा तांब्या असतो. बादली निळी घ्या. अंथरुणापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा. दारातलं पायपुसणं घसरणारं असेल तर काढूनच टाका. औषधांच्या चंदेरी पट्ट्या कुणालाच वाचता येत नाहीत, त्यांच्यावर जाड मार्करने सूर्य आणि चंद्र काढा.

सगळं खापर डोळ्यांवर फोडू नका, हेही सांगते. झोपेच्या गोळ्या, उभं राहिल्यावर एकदम उतरणारा रक्तदाब, साखर कमी होणं, यांनीही तोल जातो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी आणि घरातले सगळे चष्मे, जुनेसुद्धा, बरोबर न्या. अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालं, डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखा वाटला, काजवे चमकले, एकाचे दोन दिसू लागले, किंवा डोळा लाल होऊन डोकेदुखीसह उलट्या झाल्या, तर 'सोमवारी बघू' करू नका. त्याच दिवशी दवाखाना.

तुमचा तिसरा प्रश्न, बाहेर सोडावं का. सोडावं, पण नियमाने. घरात बसली की मांड्यांची ताकद जाते, ताकद गेली की पडण्याची भीती वाढते, आणि मग ऑपरेशन उत्तम होऊनही बाई खुर्चीतून उठत नाही. हे मी खूप बघितलंय. म्हणून ऑपरेशनपर्यंत सकाळी ९ ते ११ या वेळात, ओळखीच्या रस्त्याने, रुंद कडेची टोपी किंवा पदर पुढे ओढून, टाचेला पट्टा असलेल्या चपला घालून देवळापर्यंत जाऊ दे. संध्याकाळचं आणि मोठा रस्ता ओलांडायचं असेल तर सोबत हवी. सोबतीच्या माणसाने तिचा दंड धरून ओढायचा नाही. तिने त्याचा कोपर धरायचा आणि अर्धं पाऊल मागून चालायचं, म्हणजे पायरी आली की त्याच्या हातावरून तिला आपोआप कळते. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी डोळा स्थिरावतो आणि डॉक्टर नवा नंबर देतात. बहिणीकडची एसटी त्यानंतर. पहिल्या खेपेला तुम्ही बरोबर जा, पण पाटी तिलाच वाचू द्या.